दोऱ्याचं फूल

थोरली काकी झाडावरचं सगळ्यात चांगलं फूल कधी देवाला वाहायची नाही. देवाला दुसऱ्या नंबरचं. पहिल्या नंबरच्या फुलाच्या देठाला ती लाल दोरा बांधायची, आणि एकदा दोरा बांधला की त्या फुलाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. माझ्या आजीनं एकदा तिला यावरून टोकलं, की देवापुढं असला हिशेबीपणा बरा नव्हे. काकी म्हणाली, "देव काय कुठं जात न्हाई आत्ती. बी एकदा गेलं का गेलं." आजीला गप्प बसवणं सोपं नव्हतं, म्हणून हे मला चांगलं आठवतं.

थोरली काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. राजुरीत आमची दोन्ही घरं एकाच अंगणात, आणि अंगणाच्या कडेनं, ओट्यापासून विहिरीच्या वाटेपर्यंत, तिचा झिनियाचा वाफा. झिनिया हे नाव मी पुढं शहरात ऐकलं. आमच्या आळीत त्यांना 'लोणीची फुलं' म्हणायचे, कारण काकीचं माहेर लोणी, आणि लग्न होऊन येताना तिनं ते बी ओटीत बांधून आणलं होतं. कमरेएवढी झाडं, तळहात झाकून टाकील एवढं फूल, पाकळ्यांचे थरावर थर आणि रंग डाळिंबाच्या दाण्याचा. गौरी-गणपतीला पहिली फुलं यायची, ती दिवाळी संपली तरी सरायची नाहीत. आळीतल्या बायका सकाळी परड्या घेऊन यायच्या. फुलं देताना काकीनं कधी हात आखडला नाही. फक्त दोऱ्याचं मागायचं नाही, एवढंच.

दोऱ्याचं फूल झाडावरच वाळायचं. तपकिरी, मग काळपट, शेवटी अगदी बघवायचं नाही. नवं माणूस हमखास विचारायचं, हे वाळकं कशाला ठेवलंय? मग काकी एक वाळकी पाकळी ओढून तिच्या बुडाशी चिकटलेलं चपटं, टोकदार बी दाखवायची. दोरा बांधण्याआधी ती आठ-आठ दिवस एकेक झाड न्याहाळायची. दांडा कसा आहे, पानाला पांढरी भुरी धरते का, फूल किती दिवस ताठ राहतं. मला वाटायचं, सगळ्यात मोठं फूल निवडलं की झालं. ती म्हणायची, "दिसाया चांगलं येगळं आन बियाला चांगलं येगळं, रूपे." रूपाली हे माझं नाव तिनं कधी पूर्ण घेतलं नाही.

तिच्या या नजरेची गावात पत होती. बियाण्यासाठी पुन्हा लावायचे कांदे निवडायची वेळ आली, की कुणी ना कुणी मोटरसायकल घेऊन दारात उभा. काकी पदर खोचून मागं बसायची, ढिगापुढं बैठक मारायची, एकेक कांदा मानेशी दाबून बघायची आणि डावीकडं किंवा उजवीकडं टाकायची. बापाचं न ऐकणारे बाप्ये तिचं ऐकायचे. काका म्हणायचे, एवढी निवडून घेणारी बाई, मला कशी काय निवडली! काकी म्हणायची, तुम्हाला मी कुठं निवडलं, ते आमच्या आबांचं काम.

फुलांचं शिळं बी घरात ठेवायचं नाही, हा तिचा नेम. पेरून उरलं की वाटून मोकळी. न्यायच्या सगळ्या, पण राखत कुणीच नव्हतं. चांगलं फूल दिसलं की तोरणात नाहीतर देव्हाऱ्यात. पुढच्या वर्षी पुन्हा काकीकडंच. तिच्या माहेरीही आता अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवले होते. आळीतली मुलगी सासरी निघाली, की खणा-नारळाबरोबर बियाची एक पुडी ओटीत पडायचीच. माझ्याही पडली. चिंचवडच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे आणि दोन वाळत घालायच्या दोऱ्या. पुडी मी शालूच्या घडीत ठेवली आणि विसरले.

आता मी काय केलं ते सांगते. आढेवेढे घेण्यात अर्थ नाही.

पाच वर्षं होतील. दिवाळी नुकती संपली होती, मी दीड वर्षाच्या मुलीला घेऊन राजुरीला होते. तिकडं लोणीत काकीच्या भावाला अचानक जास्त झालं. निघताना तिनं मला वाफ्यापाशी नेलं. सात फुलांना दोरे होते, सातही वाळत आलेली. म्हणाली, "चार दिस ऱ्हा. मी येस्तवर ह्यास्नी कुनाचा हात लागाय नगं." मी म्हटलं, राहते की, तू जा निवांत.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बिबट्या उसातून निघाला आणि विहिरीच्या वाटेनं पलीकडं गेला. आमच्याकडं बिबट्याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. पण लेकरू कडेवर असताना वीस पावलांवरून तो जाताना बघितला आणि मी आत धावत जाऊन कडी लावली. शेजारपाजारचे म्हणाले, घराजवळचं गचपण काढून टाका, त्याला दडायला जागा नको. सकाळी बांधाचं गवत कापायला गडी मशीन घेऊन आला होता. मी त्याला सांगितलं, हा वाफाही काढ. त्यानं मशीन बंद केलं. म्हणाला, "ताई, दोऱ्याची हायेत. काकी वरडंल." मी म्हटलं, "काकीला मी सांगते. तू काप."

खरं सांगायचं, तर त्या वाफ्यात मांजरसुद्धा दडलं नसतं. पानं झडून नुसत्या काड्या उभ्या होत्या. आणि सात बोंडं आधी तोडून घ्यायला पाच मिनिटंही लागली नसती. पण मला चार दिवस राहायचंच नव्हतं. उद्याच निघायचं मी मनात धरलं होतं, आणि मुलीचे अंगणात फोटो काढताना ती वाळकी काटकं मागं सारखी येत होती, त्याचाही राग होताच. लेकराची भीती हे कारण असं, की त्याला कुणी नाही म्हणत नाही. गड्यानं सगळं कापलं, ओढून पाचटाच्या ढिगावर टाकलं आणि पेटवून दिलं. दुसऱ्या दिवशी तो डोंगराकडं आपल्या गावी भात काढायला गेला.

दुपारी ओट्याखाली लाल दोऱ्याचा एक तुकडा दिसला. मी तशीच नारायणगावला गेले, दुकानातून झिनियाची चार पाकिटं आणली. पाकिटावरचा रंग अगदी तोच दिसत होता. त्यात वाफ्यात पडलेल्या वाळक्या पाकळ्यांचा चुरा मिसळला आणि काकीच्या बियाच्या डब्यात भरलं. तिला फोन करून सांगितलं, की वाफा भीतीपायी काढावा लागला, पण बोंडं मी आधीच तोडून बी चोळून ठेवलंय.

त्या दिवाळीनंतर आमची भेट झाली ती माझ्या चुलतभावाच्या साखरपुड्यात. भरल्या मांडवात तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "एवढ्या गडबडीत बी राखलं पोरीनं. शाणी गं माझी रूपी." चार बायकांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. मी हसले. परतीच्या एसटीत मला शालूतली पुडी आठवली. ते बी तेव्हा तीनच वर्षांचं होतं. पण ते काकीला द्यायचं तर तोंड उघडावं लागलं असतं, आणि मी ते उघडलं नाही.

पुढच्या गौरींना मी गेले, तर वाफाभर गुडघ्याएवढी झाडं. फुलं लिंबाएवढी, गुलाबी, पिवळी, पांढरी, मनाला येईल ती. आळीतल्या सगळ्या दारांत तीच, कारण बी सगळीकडं इथूनच गेलेलं. बायका काकीला लागणार नाही अशा बेतानं म्हणत होत्या, की औंदा फुलं जरा बारकी आलीत. काकी वाफ्याच्या कडेला उभी होती. मला वाटलं, आता ती माझ्याकडं बघणार. ती स्वतःच्या हाताकडं बघत होती. म्हणाली, "निवडताना माझंच चुकलं. डोळं गेलं वाटतं माझं."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, इथवर एक वेळ मी स्वतःला सांभाळून घेईन. पण मी वर म्हणाले, "वय झालं की व्हायचंच काकी." हे माझं वाक्य आहे. दुसऱ्या कुणाचं नाही.

त्याच हिवाळ्यात तिनं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर म्हणत होते, अजून पिकलेला नाही, घाई नको. तिनं ऐकलं नाही. काळा चष्मा उतरल्यावर नव्या डोळ्यांनी पुन्हा निवड, पुन्हा दोरे. आणि त्या बियाचंही पुन्हा तेच, गुडघ्याएवढं. "डोळं नवं केलं, आता डोकं कुठनं नवं आनू?" असं ती म्हणाली तेव्हा घरातले सगळे हसले. मीही हसले.

मग तिनं दोरा बांधणं सोडलं. रीळ कोनाड्यात पडून राहिलं. कांदे निवडायला बोलावणं आलं, तर माणूस दारातून परत पाठवला; माझा अंदाज सुटलाय, उगाच तुमचं वरीस वाया जाईल, म्हणाली. दोन हंगाम ती कुणाच्या ढिगापुढं बसली नाही. काका फोनवर फारसं बोलत नाहीत, पण यंदा उन्हाळ्यात एकदा त्यांनी मला विचारलं, "रूपे, तुझ्या काकीला कुठं दाखवायचं का गं? डाळीला मीठ बरोबर पडलंय का, ते बी आता मला इचारती."

दुसऱ्या दिवशी मी शालूच्या घडीतून पुडी काढली आणि राजुरीला गेले. काकी ओट्यावर तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेव म्हटलं आणि एका दमात सगळं सांगितलं. गडी, मशीन, पाकिटं, चुरा. का केलंस, असं तिनं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "सातीच्या साती?" मी म्हटलं, साती.

"म्हंजी कांदं मी बरोबर निवडत व्हते," ती म्हणाली.

मी मान हलवली. मग ती म्हणाली, "आदी सांगायचं गं." मी रडले. तिनं माझे डोळे पुसले नाहीत, जवळही घेतलं नाही. आत गेली, तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढं ठेवलं आणि पुडी मागून घेतली.

त्या पुडीतलं दहा बी तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवलं. मी चिंचवडहून रोज फोन करायचे. अजून न्हाई, अजून न्हाई. आठव्या दिवशी म्हणाली, "एक बी न्हाई उगवलं. त्या साली आनलं असतंस, तर उगवलं असतं." आवाजात राग नव्हता. बियाबद्दल विचारलं तर बियाबद्दल सांगितलं, एवढंच. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

पावसाळ्यात तिनं तीच बुटकी पुन्हा पेरली. यातूनच उंच काढायची, म्हणाली, दहा-बारा वर्षं लागतील. वय बहात्तर. कांदेवाल्यालाही तिनं आपणहून निरोप धाडला, की ढीग फोडाल तेव्हा मला न्या. काका सांगतात, त्या दिवशी ढिगापुढं बसून ती कांदेवाल्याच्या अख्ख्या घरादाराशी भांडली, आणि घरी येऊन डाळीच्या मिठाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

दसऱ्याच्या आधी, सकाळी चूल पेटवता पेटवता ती गेली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दहाव्याला माणसं येणार म्हणून चुलतभाऊ अंगणात मांडव घालायला निघाला. वाफा आडवा येत होता. त्यानं विळा आणला तेव्हा मी पुढं होऊन बघितलं. त्या गुडघ्याएवढ्या गर्दीत एका देठाला लाल दोरा होता. फूल फिकट गुलाबी, मध्यमच. त्याच्या शेजारचं पिवळं मला जास्त चांगलं वाटलं. याच्यात तिनं काय बघितलं, ते मी वाकून, बसून, पान उलटून बघितलं. मला कळलं नाही. भावाला म्हटलं, मांडव त्या अंगाला घाल. तो म्हणाला, "ताई, एका फुलासाठी?" मी म्हटलं, हो, एका फुलासाठी.

ऑफिसला रजा वाढवून मागितली आहे. नवरा फोनवर विचारतो, अजून किती दिवस? सकाळी उठून मी आधी वाफ्यापाशी जाते. कडेच्या पाकळ्या तपकिरी झाल्यात, पण बोंड अजून आतून ओलं आहे. आज माझा इथला विसावा दिवस. तिनं चारच मागितले होते.