स्टॉपवॉच लावलं त्या दिवशी

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मला चाकणच्या एका कंपनीत इंटर्नशिप मिळाली, तेव्हा आईने संत तुकाराम नगरच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगीत पेढे वाटले. पोरगी गाड्यांचं डिझाइन करणार, असं तिने परस्पर सांगूनही टाकलं. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आली ट्रिमिंगची तीन टेबलं.

ट्रिमिंग म्हणजे साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या पार्टच्या कडेला राहिलेली पापडी चाकूने कापणं. मधल्या टेबलावर लातूरकडच्या एक मावशी होत्या, सहा वर्षांपासून ठेकेदाराकडून लागलेल्या. पहिल्याच आठवड्यात मी तीन पार्ट वाया घालवले आणि अंगठा कापून घेतला. मावशींनी चिकटपट्टी लावली.

"चाकू कशाला नाचवायलीस? चाकू धरून ठेव अन् पार्ट फिरीव."

कॉलेजात मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. मी त्यांना चिकटलेच. जेवायच्या सुट्टीत त्या मला शेंगदाण्याची चटणी वाढायच्या आणि बारावीतल्या लेकीबद्दल बोलायच्या. "तिला तुझ्यावाणी इंजिनेर करायचीय. तिचं होईपर्यंत ही नोकरी टिकली म्हंजी झालं."

माझा प्रोजेक्ट होता, एका पार्टला किती वेळ लागतो ते मोजणं. नीट केलंस तर चांगला शेरा देतो, असं आमच्या विभागाचे साहेब म्हणाले होते. स्टॉपवॉच लावलं त्या दिवशी बाजूच्या टेबलांवरच्या दोघींनी असा काही घोळ घातला की विचारू नका. एक दर पार्टनंतर चाकू पुसत बसली, दुसरीला सारखी तहान लागली. मी मनातल्या मनात त्यांना कामचुकार ठरवून मोकळी झाले. अक्कल पाजळायची हौस मला तेव्हा भारीच होती. मावशींचे हात मात्र थांबेनात. मध्येच मान वर करून त्या म्हणाल्या, "नीट लिही गं."

मी नीट लिहिलं. त्यांच्या हातांचे फोटो काढून पद्धत समजावली आणि हुशारी म्हणून शेवटी एक ओळ जोडली, की अशा रीतीने काम केल्यास तीनऐवजी दोन टेबलं पुरतील. साहेबांनी पाठ थोपटली. मला वाटलं, आता मावशींचा फोटो गेटजवळच्या बोर्डावर लागणार.

पुढच्या महिन्यात एक टेबल उचललं. बाजूच्या दोघी गावातल्या, जमिनी कंपन्यांना गेलेल्या घरांतल्या. त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. मावशींना शिफ्ट सुटताना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

मी साहेबांकडे धावले. "तुझ्याच आकड्यांवर केलंय," ते म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

चाकू पुसणारी बाई मला जिन्यात रडताना सापडली. "घड्याळ लावलं की हात आखडता घ्यायचा, हे हितं समद्यांना ठावं हाय," ती म्हणाली. "तिला बी ठावं व्हतं. आमी सांगितलं बी. तर म्हनली, पोरीचा पहिलाच रिपोर्ट हाय, बिघडाय नको."

मी गेटकडे पळाले. मावशी कंपनीच्या बसची वाट बघत उभ्या होत्या, हातात डब्याची पिशवी. मी माफी मागणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "रिपोर्ट पास झाला का?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मग रडायलीस कशाला?" त्यांनी पदराने माझे डोळे पुसले आणि बसमध्ये चढल्या.

त्याच रिपोर्टवर मला नोकरी लागली. मावशींचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. लेकीचं काय झालं, एवढं विचारायला तो लावायचा आहे. आजवर माझा धीर झालेला नाही.