रणगाड्याच्या आतून

हाक मारली की ते नुसती नजर वळवायचे नाहीत, अख्खे वळायचे. आधी मान, मग खांदे, मग खुर्चीसकट. नवीन माणसाला वाटायचं, केवढा मान देतात आपल्याला! मलाही तसंच वाटलं होतं. मी जळगावहून इंदूरला, सांवेर रोडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी ते असेच पूर्ण वळले आणि म्हणाले, "बैस भिया. डबा आणलायस ना?" इंदुरात भाऊला भिया म्हणतात.

वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना दादा म्हणायचे. घर महूला, आजोबा फौजेत होते. रोज बसने ये-जा.

डबे झाले की आम्ही पाचजण आपापल्या कॉम्प्युटरवर रणगाड्यांचा खेळ लावायचो. तुम्ही खेळला नसाल तर एवढंच सांगतो, त्यात रणगाडा दोन तऱ्हांनी चालवता येतो. एक बाहेरून: जणू आपण त्याच्या मागे वर हवेत आहोत, आपला रणगाडाही दिसतो आणि आजूबाजूचं मैदानही. दुसरी आतून: समोर लोखंडातली एक अरुंद फट, तिच्यातून दिसेल तेवढंच जग. शहाणा माणूस बाहेरूनच खेळतो. दादा कायम आतून.

"बाहेरून काय कोणीही खेळेल," ते म्हणायचे. "उडत उडत पूरा मैदान बघायचं, ये कोई बात हुई? आतून खेळ भिया, आतून!"

आम्हाला वाटायचं, आजोबांचं फौजी रक्त बोलतंय. आतून खेळल्यामुळे ते रोज मरायचे. कोणीही बाजूने यायचा आणि गोळा घालायचा. समोरचा मात्र त्यांच्या हातून सुटत नसे. शेवटी मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांच्याच बाजूने खेळू लागलो. मी बाहेरून बघायचो आणि ओरडायचो, "दादा, उजवीकडे झाडामागे!" ते फट तिकडे फिरवायचे आणि धडाम! मग टेबलावर थाप मारून म्हणायचे, "अपनी जोडी एक नंबर."

एके दुपारी आम्ही दोघं एक नवा भाग बघायला खाली मशीनच्या शेडमध्ये गेलो. बाजूच्या गल्लीतून एक कामगार लोखंडी पट्ट्यांची ढकलगाडी घेऊन येत होता. तो "हटो, हटो" म्हणत होता, पण मशीनच्या आवाजात ते विरून गेलं. मी थांबलो. दादा सरळ चालत गेले आणि गाडीवर आदळले. एक पट्टी नडगीवर पडली. पँट रक्ताने भिजली. कामगार बिचारा रडकुंडीला आला. दादाच त्याला समजावत होते, "तुझी गलती नाही रे. मला दिसलाच नाहीस तू."

मी त्यांना बाइकवर दवाखान्यात नेलं. टाके पडले. बाहेर बाकावर औषधाची वाट बघत बसलो होतो तेव्हा मी विचारलं, "दादा, एवढी मोठी गाडी दिसली कशी नाही?"

त्यांनी दोन्ही हातांची नळी केली आणि माझ्या डोळ्यांना लावली.

"एवढं दिसतं," ते म्हणाले. "आधी बरंच दिसायचं. कडांकडून विझत आलंय. संध्याकाळी तर तेही नाही. डॉक्टर म्हणतात, याला इलाज नाही. बायकोला माहीत आहे. पोरीला नाही."

"मग त्या खेळात..."

"बाहेरून खेळलो की तुम्हाला सगळं मैदान दिसतं आणि मला नाही. आतून खेळलो तर फट सगळ्यांना सारखीच. तेवढा वेळ वाटतं, खोट माझ्या डोळ्यांत नाही, टँकातच आहे."

औषधवाल्याने नाव पुकारलं. ते पूर्ण वळले आणि लंगडत गेले.

मी कोणाला बोललो नाही. चार-पाच महिन्यांनी त्यांनी स्वतःच मालकांना सांगितलं. एका ड्रॉइंगच्या कडेचं भोक त्यांच्या नजरेतून सुटलं होतं, भाग चुकीचा बनून आला. कोणी रागावलं नाही. पण ते म्हणाले, "आज भोक चुकलं, उद्या कोणाचं बोट जाईल." मालक भला माणूस, म्हणाला स्टोअरमध्ये बसा. दादा हसले, "साहेब, तिथे तर सगळा माल आजूबाजूलाच असतो."

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी डब्यानंतर आम्ही नेहमीसारखा खेळ लावला. एव्हाना त्यांच्या डोळ्यांचं सगळ्यांना कळलं होतं; आधी ठरवून सगळ्यांनी आतून लावला. काय गोंधळ! एक जण नदीत पडला, एकाने मलाच उडवलं. "अरे, कुठे आहे तो?" "कोण मारतंय मला?" सगळे चाचपडत होतो. दादांनी एकेकाला गाठून टिपलं.

मग त्यांच्या लक्षात आलं. "आज सगळे आतून?"

"हो दादा," मी म्हणालो.

बराच वेळ त्यांनी माउसला हात लावला नाही. मग हळूच म्हणाले, "घाबरायचं नाही रे. हळूहळू सवय होते."

त्या दिवशी खेळ तिथेच थांबला.

मागच्या महिन्यात मी महूला त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनींनी पोहे केले. मुलीला आता ठाऊक आहे. ती जाता-येता वाटेतली चप्पल, स्टूल उचलून बाजूला ठेवत होती. दादांनी ऑफिसमधल्या सगळ्यांची चौकशी केली. निघेपर्यंत दिवेलागण झाली. फाटकाला हात लावत ते मला पोचवायला बाहेर आले.

मी बाइकपाशी गेलो. किल्ली काढत होतो तेवढ्यात रस्त्याने दुसरीच एक मोटरसायकल गेली. दादांनी त्या आवाजाच्या दिशेने हात उंच केला.

"नीट जा रे भिया! पोचलास की फोन कर!"

आवाज विरेपर्यंत ते हात हलवत राहिले. मी चार हातांवर, किल्ली मुठीत धरून उभा होतो. ते आत गेले, दार लागलं. मग मी बाइक ढकलत ढकलत गल्लीच्या वळणापर्यंत नेली आणि तिथे जाऊन सुरू केली.