समोरची खुर्ची

कडक काकूंना हॉटेल ठाऊक होतं ते खालून, म्हणजे तळघरातल्या लिनन रूममधून. वर झुंबरांखाली दूरदेशीचे पाहुणे जेवायचे, संध्याकाळी पियानो-व्हायोलिनची मैफल रंगायची, भिंतींवर चित्रांची प्रदर्शनं लागायची. या सगळ्या थाटमाटातलं काकूंच्या वाट्याला काय यायचं, तर मळलेले टेबलक्लॉथ. ते धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून त्या वर पाठवायच्या आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मळून खाली यायचे. ‘कडक’ हे नाव खळीमुळे पडलं की स्वभावामुळे, यावर हॉटेलात दोन तट होते.

डागांवरून काकूंना माणसं कळायची. एका बाजूला वाइनचा ओघळ आणि समोरची बाजू कोरी दिसली की त्या म्हणायच्या, “इथे भांडण झालंय. एक जण जेवायच्या आधीच उठून गेलाय.” दोन्हीकडचे डाग मधोमध येऊन भेटले असतील तर म्हणायच्या, “ही दोघं एकमेकांच्या ताटातलं खात होती.” असा टेबलक्लॉथ त्या जरा जास्त वेळ हातात धरायच्या आणि मग स्वतःवरच खेकसायच्या, “टाका मशिनमध्ये! डाग वाळला की निघता निघत नाही.”

काकूंचा नवरा त्याच हॉटेलात, पण वर. जेवणघराचा कॅप्टन. सगळे वेटर त्याच्या हाताखाली. माणूस सालस, कामाला वाघ, पायाला मात्र भिंगरी. काकूंची ड्यूटी सकाळची, त्याची संध्याकाळची. काकूंची सुट्टी एका वारी, त्याची भलत्याच वारी. कधी चुकून दोघं घरी सापडली, तरी तो जेवायचा ओट्याशी उभ्यानं. वेटर मंडळी पँट्रीत उभ्या उभ्या चार घास कोंबतात, तीच सवय अंगात मुरलेली. मुलीच्या लग्नात तर हा पठ्ठ्या रिकाम्या ताटल्या गोळा करत हिंडला. व्याही बिचारे त्याला केटररचा माणूस समजून पाणी मागत होते.

काकूंना नवऱ्याकडून ना दागिने हवे होते, ना सहली. त्याच्यासमोर बसून एकदा जेवायचं होतं. एवढंच. संसार सरत आला तरी ते जमलं नव्हतं आणि त्याचं काकूंना फार वाईट वाटायचं. बोलून दाखवलं की तो म्हणायचा, “अगं, एकाच घरात तर राहतो आपण!” आता याला काय सांगणार?

आणि मग योग आला. जेवणघराचं नूतनीकरण झालं. दारं उघडायच्या आधी रंगीत तालीम ठरली: अर्ध्या कर्मचाऱ्यांनी पाहुणे व्हायचं, अर्ध्यांनी वाढायचं. मॅनेजर कॅप्टनला म्हणाले, “या वेळी तुम्ही पाहुणे. काकूंना घेऊन खिडकीजवळ बसा.”

काकूंनी ठेवणीतले कपडे काढले. दुपारी त्या पहिल्यांदा मोठ्या जिन्यानं वर गेल्या. टेबलावर त्यांच्याच हातचा टेबलक्लॉथ होता. त्यांनी त्याच्या कडेवरून हात फिरवला. समोर नवरा बसला होता, पण खुर्चीच्या अगदी टोकावर, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखा.

“अहो, नीट टेका की.”

“टेकलोय.”

सूप आलं. व्हायोलिन सुरू झालं. काकू त्याच्याकडे बघत होत्या आणि तो काकूंच्या खांद्यावरून मागच्या टेबलाकडे.

“अहो, इकडे बघा.”

“हो, हो. बघतोय ना.”

काकूंच्या चमच्यातून सूपचा थेंब टेबलक्लॉथवर पडला. त्यानं क्षणात त्यावर नॅपकिन पसरला. पाहुण्याला ओशाळं वाटू नये म्हणून असंच करतात. काकूंनी नॅपकिन हळूच बाजूला सारला. तेवढ्यात मागे कुणाचा तरी ट्रे कलला.

“आलोच,” म्हणत तो उठला.

जित्याची खोड ती! त्यानं ट्रे सावरला, मग पुढचं टेबल, मग त्याच्या पुढचं. समोर त्याचं सूप गार होत गेलं. तो स्वयंपाकघरात शिरला, त्या दाराकडे काकू बघत राहिल्या. थोड्या वेळानं तो खरंच आला, पण वाढायला वेटर येतात तसा डावीकडून, हातात माशाची प्लेट घेऊन. अलगद काटे काढून दिले आणि वाकून म्हणाला, “आणखी काही, मॅडम?”

सगळं जेवणघर हसलं. जीभ चावून तोही हसला. काकूसुद्धा हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. इतक्या प्रेमानं त्यांना कुणी कधी वाढलं नव्हतं. पण त्यांना वाढून नको होतं. गोड पदार्थ यायच्या आत त्या मागच्या जिन्यानं खाली निघून गेल्या.

तालीम संपल्यावर टेबलक्लॉथ खाली आले. खिडकीजवळचा काकूंनी ओळखला. एका बाजूला सूपचा थेंब, समोरची बाजू कोरी करकरीत. तो इस्त्रीच्या टेबलावर पसरून त्या नुसत्या बघत राहिल्या.

दारात नवरा उभा होता. हातात चॉकलेट केकची प्लेट. “तुझा राहिला.”

“मी खाल्ला तर पुन्हा तुम्ही वाढणार. तुम्ही खा. बसून.”

लिनन रूममध्ये स्टूल एकच. “तू बस ना,” तो म्हणाला.

“मी म्हणते बसा!”

तो बसला. काकू टेबलाच्या पलीकडे उभ्या राहिल्या. त्यानं घाईघाईनं तीन घासांत केक संपवला, आणि चमच्यावरचं चॉकलेट कोऱ्या बाजूवर सांडलं. सवयीनं त्याचा हात नॅपकिनकडे गेला. काकूंनी तो हात धरला.

“राहू दे.”

“अगं, डाग पडेल.”

“पडू दे.”

तो तसाच बसून राहिला. या खेपेला तो काकूंकडेच बघत होता. मग वरची घंटा वाजली. “आलोच,” म्हणून तो गेला.

काकूंनी बाकीचे सगळे टेबलक्लॉथ मशिनमध्ये टाकले. मग त्या स्टुलावर बसल्या आणि समोरचा डाग वाळेपर्यंत उठल्या नाहीत.