रेडिएटरमधली हळद आणि सासूबाईंचा हात

आमच्या ह्यांनी गाडीच्या रेडिएटरमध्ये वाटीभर हळद ओतली. तीही साधीसुधी नाही, सासूबाईंनी गावाहून आणलेली, धाकट्या दिराच्या लग्नातून उरलेली. कारखान्यात कुणीतरी ह्यांना सांगितलं होतं की पाणी गळत असेल तर हळद घाला, ती गरम पाण्यात फुगते आणि भोकात जाऊन बसते. सांगणाऱ्याकडे गाडी होती का, हे विचारायचं ह्यांना सुचलं नाही. हळद भोकात बसली नाहीच. आधी आमच्या गाडीखाली साधं पाणी ठिबकायचं, ते आता पिवळं ठिबकायला लागलं, एवढाच काय तो फरक. तळमजल्यावरचे काका सकाळी दूध आणायला निघाले होते. त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं आणि मला म्हणाले, “काय गं, दिराचं झालं, आता हिचं पण उरकताय का?”

ही ऐंशी सालाच्या जरा पुढची गोष्ट. आम्ही कांजूरमार्गला राहायचो आणि हे विक्रोळीला कारखान्यात लेथवर होते. गाडी ह्यांनी जुनी घेतली होती, फिक्या पिस्त्याच्या रंगाची. घेतली तेव्हाच ती पंधरा वर्षांची होती. मागचं एक दार आतून उघडायचं नाही, त्यामुळे मागे बसलेला माणूस काच खाली करायचा आणि बाहेर हात काढून दार उघडायचा. पाहुण्यांना आम्ही हे आधी शिकवायचो, मग बसवायचो.

आता गाडी गळते याचं ह्यांना दुःख होतं, आणि माझी वेगळीच रडारड होती. सोमवारी सकाळी अंधेरीला माझी लायसन्सची परीक्षा होती. शिकाऊ लायसन्सची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. परीक्षेला गाडी आपली आपण न्यायची. गाडी नाही तर परीक्षा नाही, आणि ती चुकली तर परत पहिल्यापासून अर्ज, फोटो, रांग आणि ह्यांची रजा. ह्यांनी आधीच बजावलं होतं, “हे बघ, एकदाच. दुसऱ्यांदा मी साहेबाकडे तोंड वेंगाडणार नाही.” सहा महिने दर रविवारी उजाडताना पवईच्या रस्त्यावर मी ती गाडी शिकले होते. मी गिअर बदलला की हे डोळे मिटायचे. तरी शिकले. म्हणजे सोमवारी नाही जमलं तर माझं गाडी चालवणं कायमचं बंद, हे मला पक्कं माहीत होतं.

सासूबाईंना ही सगळी थेरं वाटायची. त्या मालवणच्या, मी माहेरची मुलुंडची. त्यांचं बोलणं कळायला मला लग्नानंतर दोन वर्षं लागली, आणि कळायला लागल्यावर वाटलं, नसतं कळलं तर बरं झालं असतं.

“गाडी शिकान काय करतलंस गो? मेथीची जुडी हाडूक गाडयेतसून जातलंस?”

शनिवारी गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून टॉर्च मारला आणि सांगितलं की रबरी पाईप चिरलाय. पाईप केवढा, तर वीतभरसुद्धा नाही, वाकडा, करंगळीपेक्षा जरा जाड. पण बसवलाय कुठे, तर इंजिन आणि मागचा पत्रा यांच्या मधल्या बोळात, पार खाली. “हात जात नाही तिथे. सगळं उतरवावं लागेल. बुधवारी न्या,” असं म्हणून तो दुसऱ्या गाडीखाली गेला.

बुधवारी! मी घरी येऊन भांडी अशी आपटली की ह्यांनी संध्याकाळीच जाऊन नवा पाईप आणि दोन क्लिपा आणल्या. “लेथवरचा माणूस मी, एक पाईप बसवता येणार नाही?” म्हणाले.

रविवारी सकाळी चहा झाला आणि हे गोणपाट अंथरून गाडीखाली गेले. जुना पाईप काढायला माझी भाजीची सुरी घेतली. तो तुकड्या-तुकड्याने निघाला, आतून पिवळाधमक, लोणच्याच्या फोडीसारखा. तिथपर्यंत सगळं झकास. नवा बसवायची वेळ आली आणि वाट लागली. ह्यांचा पंजा म्हणजे पोळपाट. वरून घातला की मनगटापाशी अडकायचा आणि खालून घातला की कोपरापाशी. मधेच क्लिप निसटून इंजिनाच्या पोटात पडली. ती शोधण्यात अर्धा तास गेला, मिळाली, आणि मिळाल्यावर लगेच परत पडली.

मग काका पुढे झाले. “सर रे बाजूला. माझा हात नाजूक आहे. मी पेटी वाजवायचो.”

पेटी वाजवणारा हातही ह्यांच्याएवढाच आत गेला, आणि बाहेर येताना दोन बोटं सोलून आला.

मी म्हटलं, “सरका, मी घालते.”

माझा हात बारीक, अगदी आरामात आत गेला. पण बांगड्यांपर्यंत. दिराच्या लग्नात भरलेला हिरवा चुडा, दोन्ही हातांत डझनभर, कासारणीने चांगला घट्ट चढवलेला. त्या बांगड्या पत्र्याला टेकल्या आणि खण्ण वाजल्या. पाईपाला बोटं लागत होती, पण धरता येत नव्हता. हात आणखी चार बोटं आत जायला हवा होता. आई शप्पथ, मला रडू यायला लागलं.

“मोडते मी ह्या,” मी म्हटलं. “परत भरेन की!”

सासूबाई वरून गॅलरीतून सगळं बघत होत्या, निवडायला घेतलेले तांदूळ तसेच ठेवून. बांगड्या मोडते म्हटल्यावर त्या तरातरा खाली आल्या.

“खबरदार! धाकल्याच्या लग्नाक म्हयनो नाय झालो आणि चुडो मोडतंस? आपसूक वाढलो तर वाढलो. गाडयेसाठी चुडो मोडूचो नाय.”

“अहो आई, उद्या परीक्षा आहे माझी!”

“ठाऊक आसा माका.”

“तुम्हाला तर गाडी चालवायलाच नकोय!”

तेव्हा काका सोललेली बोटं फुंकत बोलले, “असं कसं? वहिनींनी अख्ख्या भजनी मंडळाला सांगितलंय. सोमवारी सून परीक्षा देणार, आणि मंगळवारी सगळ्यांना गाडीतून देवळात नेणार.”

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या इंजिनाकडे बघत होत्या.

“तुमका कोणी विचारलां?” त्या काकांना म्हणाल्या. मग पदर खोचला. “बाजूक जा गो. माझो हात मोकळो आसा.”

सासरे जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. सासूबाईंचे हात मोकळे आहेत हे मला रोज दिसायचं आणि त्यावर कधी कुणी काही बोलायचं नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतःच ते बोलून टाकलं, जसं काही पक्कड हाताशी आहे असं सांगावं.   तोवर त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला होता आणि इंजिनाला शिव्या सुरू झाल्या होत्या.

“ह्यां काय? ह्यां वाकडां कित्याक केलां? मेल्यान बांगडो साफ करूक दिलो आणि तोंड बांधून ठेवलां!”

हे गाडीखालून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ओरडत होते, “आये, डावीकडे! डावीकडे!”

“कोणाचां डावां? तू उताणो, मी ओणवी!”

पाईप काही नळीवर चढेना. त्यावर सासूबाईंनी आमच्या घरातला एकमेव उपाय काढला. आमच्याकडे काही अडलं, की खोबरेल. अंगठी निघत नाही, खोबरेल. कडी करकरते, खोबरेल. मी धावत जाऊन बाटली आणली. पाईपाला आतून तेल, नळ्यांना तेल, सासूबाईंच्या हाताला तेल. आणि काय सांगू, पाईप लोण्यासारखा सरकला. दोन्ही बाजूंनी बसला. ह्यांनी खालून क्लिपा आवळल्या. एवढं होऊन सासूबाईंचा हात बाहेर येईना.

“आये, मूठ सोड!”

“सोडलंय तर किलीप पडतली!”

“आवळली ती! नाही पडणार! सोड!”

“तू मघाशी पण असांच सांगलंस.”

पाच मिनिटं त्या तशाच उभ्या. शेवटी मी त्यांना विचारलं, “आई, गॅसवर वरण ठेवलंय का?” आणि हात सटकन बाहेर आला.

पाणी भरलं. गाडी चालू केली. बॉनेट उघडं ठेवून आम्ही चौघं लांब उभे राहिलो, देवाच्या आरतीला उभे राहतात तसे. पाच मिनिटं झाली, सात झाली. काका म्हणाले, “झालं की काम, एक थेंब नाही,” आणि बघायला दोन पावलं पुढे गेले. आतून फस्स असा आवाज आला, पाईप सुटला, वाफेचा ढग उठला आणि पिवळं पाणी उडालं. नशीब काका लांब होते, भाजलं नाही. पण पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत पिवळा.

“काकांना हळद लागली!” हे मागून म्हणाले. मी एवढी हसले की पायरीवर बसले, आणि बसल्यावर मला सोमवार आठवला.

इंजिन थंड व्हायला दीड तास गेला. हे पाईप हातात धरून बसले होते. क्लिप चांगली आवळली होती, शपथेवर सांगत होते, मग सुटला कसा? मी माझ्या चुड्याकडे बघत होते आणि मला कासारीण आठवली. चुडा भरताना तिने माझ्या हाताला साबण लावला होता. मी विचारलं होतं, तेल का नाही गं? ती म्हणाली, “तेलानं चढते बाई, पण तशीच घसरते पण. साबण सुकला की बांगडी हलत नाही.” आणि हात कसा करायचा तेही तिने शिकवलं होतं. अंगठा तळव्यात, चारही बोटं त्याच्यावर गोळा, आणि श्वास सोडायचा.

मी हे सांगितलं तर हे म्हणाले, “बांगडी वेगळी, इंजिन वेगळं.”

सासूबाई म्हणाल्या, “तू गप ऱ्हव. तुझी हळद बघितलंय.”

मग त्यांनी तो पाईप मोरीत नेला आणि त्याला शिकेकाईने न्हाऊ घातलं. खरंच सांगते, गरम पाणी, शिकेकाई, दोनदा चोळून. तेल सगळं निघालं. इंजिनातल्या नळ्या ह्यांनी फडक्याने पुसपुसून कोरड्या केल्या. कपड्याच्या साबणाची वडी मी भिजवली, सासूबाईंच्या हाताला लावली आणि त्यांची बोटं कासारणीसारखी गोळा करून दिली. एवढी वर्षं एका घरात राहून त्यांचा हात मी असा पहिल्यांदा हातात धरला. तो माझ्याहून लहान होता, हे मला तेव्हा कळलं.

“श्वास सोडा आई.”

“सोडलंय. आता धकल.”

ह्यावेळी पाईप लोण्यासारखा नाही गेला. कुरकुरत, अडत, शिव्या खात गेला. क्लिपा आवळल्या, आणि सासूबाईंनी मूठ न सांगता सोडली. अर्धा तास कुणाला गाडी चालू करू दिली नाही, साबण सुकायचा होता ना. मग चालू केली. त्यांनी गाडीखाली जेवणाचं स्टीलचं ताट सरकवलं आणि त्याच्याशेजारी पाट टाकून बसल्या. ताट कोरडं राहिलं. तिन्हीसांजेला दिवा लावायला वर गेल्या, तेव्हा ताटाला हात लावायचा नाही असं काकांना बजावून गेल्या.

सोमवारी सकाळी मी गाडीत बसते, तर मागच्या सीटवर सासूबाई. मांडीवर पाण्याचा कॅन, पिशवीत साबण.

“आये, तू कुठे?” ह्यांनी विचारलं.

“पायप सुटलो तर हात कोणाचो घालतलास?”

पवईचा चढ मी चढले. हे शेजारी बसून चक्क डोळे उघडे ठेवून होते, पण रस्त्याकडे नाही, तापमानाच्या काट्याकडे. साकीनाक्याला गर्दीत गाडी दोनदा बंद पडली, ती माझ्यामुळे, पाईपामुळे नाही.

अंधेरीला परीक्षा घेणारे साहेब आले, वही घेऊन. हे उतरले आणि ते पुढे बसले. मागे बघून म्हणाले, “आजी, तुम्ही उतरा.”

आता ते मागचं दार आतून उघडत नाही. सासूबाईंनी काच खाली केली, हात बाहेर काढला, दार उघडलं आणि उतरताना साहेबांना म्हणाल्या, “काळजी करू नका, पायप मीया बसवलंय.”

साहेबांनी वही उघडली. मग म्हणाले, “चला.” उजवीकडे वळा, डावीकडे वळा, हाताने इशारा करा. मी हात बाहेर काढून इशारे करत होते आणि चुडा खळखळ वाजत होता. मधेच त्यांनी नाक वर केलं.

“बाई, काहीतरी शिजतंय का?”

कालचं खोबरेल आणि हळद इंजिनावर तापत होती. मी म्हटलं, “नाही साहेब, गाडीला सर्दी झालीये,” आणि लगेच जीभ चावली. वाटलं, गेलं सगळं. साहेब वहीत डोकं घालून लिहीत राहिले. खांदे हलत होते. चढावर थांबवून परत सुरू करायला लावली. गाडी मागे तीन इंच गेली असेल, पण पुढे गेली.

“पास,” ते म्हणाले. “पण एखाद्या मेकॅनिकला दाखवा ती.”

“दाखवलीये,” मी म्हटलं. “त्या काय, बाहेर उभ्या आहेत.”

सासूबाई फुटपाथवर कॅन घेऊन उभ्या होत्या. मी काचेतून मान हलवली. त्यांनी आधी वाकून गाडीखाली बघितलं, थेंब आहे का ते, आणि मगच हसल्या.

हे सवयीप्रमाणे माझ्या बाजूचं दार उघडायला आले, परत जाताना आपण चालवावी म्हणून. सासूबाईंनी कॅन त्यांच्या हातात दिला.

“तू मागे बस,” म्हणाल्या. “पास ती झाली, तू खंय?” आणि स्वतः वळसा घालून पुढच्या सीटवर येऊन बसल्या. मग मला म्हणाल्या, “सावकाश चल गो. उद्या भजनाच्या पाच जणी आसत, पंधरा मिन्टां आधी निघूक व्हया.”