स्वस्ताईची बढाई

क्लिफर्ड हावर्थला एकच खोड होती. कोट असो, किटली असो, तो आधी विचारायचा, "सांगा बघू, केवढ्याला घेतली असेल?" समोरच्याने कितीही सांगितलं तरी त्याने ती त्याहून स्वस्तात आणलेली असायची. उत्तर इंग्लंडमधल्या त्याच्या बर्नली गावात ही खोड घरोघरी आहे, पण बस डेपोतून निवृत्त झाल्यावर क्लिफर्डला दुसरा उद्योगच उरला नाही.

ही तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या उन्हाळ्यात स्पेनच्या एका हॉटेलात त्याला लंडनजवळच्या सरेकडचं जोडपं भेटलं, नायजेल आणि फिलिपा. ते तिकडच्या घरांच्या किमतींचं रडगाणं गात होते. मग क्लिफर्डला कुठलं राहवतंय!

"आमच्या टॅनर स्ट्रीटवर तुमच्या गॅरेजच्या पैशात अख्खं घर येतं. दोन खोल्या खाली, दोन वर, मागे अंगण!"

बायको नोरीनने टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

"पाय काय दाबतेस? खरंच आहे ना ते!" म्हणत त्याने कोणाकोणाचं घर विकायला निघेल तेही सांगून टाकलं.

पुढच्या वसंतात शेजारची एलसी वृद्धाश्रमात गेली आणि तिचं घर विकलं गेलं. दक्षिणेकडच्या कोणीतरी ते न बघताच घेतलं म्हणे, आणि आता भाड्याने द्यायचं होतं. क्लिफर्ड हरखला. त्याची मुलगी शेरिल शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, आणि तिच्या घरमालकाने तिला महिनाअखेर घर सोडायला सांगितलं होतं. नोरीनची नजर अधू झालेली, म्हणून शेरिल रोज दोन बस बदलून आईकडे यायची. लेक नि नातवंडं भिंतीपलीकडे आली असती तर सगळेच प्रश्न मिटले असते.

घर दाखवायच्या दिवशी रांग थेट चिप्सच्या दुकानापर्यंत गेली. बहुतेक जण मँचेस्टरला गाडीने कामाला जाणारे तरुण. गल्लीतल्या पोरांना गल्लीत घर मिळेना, म्हणून ती गाव सोडून चाललेली, आणि त्यांच्या जागी ही मंडळी. एजंट हसतमुखाने म्हणाला, "ज्यांना जास्त भाडं परवडतं त्यांनी संध्याकाळपर्यंत कळवा."

"बाबा, मी यांच्याशी कशी बोली लावू?" शेरिल म्हणाली. "माझा पगार काय, यांचा काय!"

घर अर्थातच दुसऱ्याला गेलं. क्लिफर्ड आठवडाभर दिसेल त्याच्यासमोर त्या अदृश्य मालकाला शिव्या घालत होता. "हावरट! आमच्या गल्लीचा वास तरी घेतलाय का कधी त्याने?"

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात नायजेल नि फिलिपा, हातात वाइनची बाटली.

"ओळखलंत ना? आभार मानायला आलोय!" नायजेल म्हणाला. "हे शेजारचं आम्हीच घेतलं. पलीकडची दोनही. तुम्ही स्पेनला हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाकाठी सांगितलंत म्हणून, नाहीतर आम्हाला बर्नली नकाशावर तरी सापडलं असतं का? सांगा बघू, केवढ्याला मिळालं असेल?"

आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न क्लिफर्डला कोणी उलटा विचारला होता. मागे स्वयंपाकघरात शेरिल चहा ओतत होती. तिचा हात तसाच थांबला.

"कोपऱ्यावरचं घर निघणार आहे म्हणे," फिलिपाने विचारलं. "साधारण काय भाव असेल?"

क्लिफर्डला भाव पक्का ठाऊक होता. "फार महाग," तो म्हणाला. "शिवाय छत गळतं. उंदीर आहेत. गल्लीत राहण्यासारखं काहीच नाही."

ते दोघं हसले. त्यांना ती गंमत वाटली.

दार लागल्यावर शेरिल बाहेर आली. "आई तेव्हा तुझा पाय दाबत होती ना रे, बाबा?"

क्लिफर्डने वाइनची बाटली उचलली आणि किंमत न बघताच कपाटात मागे सरकवली. रागही आता कोणावर काढायचा, तेही त्याला कळत नव्हतं.

शेरिलने आईच्या पुढ्यात चहाचा कप सरकवला, तिचा हात धरून कपाच्या कानावर ठेवला आणि कोट चढवला. बस चुकली असती. ज्या घरी ती परत निघाली होती, तेही महिनाअखेरपर्यंतच तिचं होतं.