कोठाराचं कुलूप

ती घटना माझ्या नाकाला आजही आठवते. शेगडीवर ओवा पडला की पुरे. आमचे हे कुलाबा जिल्ह्यात फौजदार होते. पेन्शनीत आठवणी लिहायच्या ठरवल्या आणि न लिहिताच गेले, म्हणून हा उद्योग माझ्याकडे आला. नावं कुणाची घेणार नाही. ह्यांचं तर जन्मात घेतलं नाही.

बंदराच्या गावी बदली झाली तेव्हा मी पालीहून आलेली नवी नवरी. रहस्यकथा वाचून माझी खात्री झाली होती, की सरकार पगार चुकीच्या माणसाला देतंय.

गावात एक भाड्याची चाळ होती. मालकाला आणखी भाडेकरू हवे होते. म्युनिसिपालटी परवानगी देईना. विहीर एक आणि माणसं भरमसाट. मग त्यानं मागच्या परसात, दोन भिंतींच्या मधे, आडवी भिंत घातली, वर पत्रे ठोकले आणि खोली भाड्यानं दिली. खिडकी नाही, झरोका नाही. कागदावर ते कोठार. आत एका खलाशाची बायको राहायची. नवरा बोटीवर, ही नुकतीच बाळंत झालेली.

एका दुपारी मालक स्वतःच ठाण्यात वर्दी घेऊन आला. बाई मेली, शेजारच्या कोळणीनं कालवणातून विष घातलं. कारणही त्याच्यापाशी तयार होतं. त्या परसात कोळीण मासळी सुकवायची, खोलीनं तिची जागा खाल्ली, रोज शिव्या.

बाईमाणसाचं प्रेत, म्हणून पंचनाम्याला मला नेलं. वारा लागू नये म्हणून फटींत चिंध्या कोंबलेल्या. खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी. बाळंतिणीला शेक असायचाच, मी तिकडे पाहिलंही नाही. शहाणीनं हुंगलं ते कालवण!

"विषच आहे," मी ह्यांना सांगितलं.

"तू किती विषं पाहिलीस गं?"

"पुस्तकात पुष्कळ!"

कोळणीला जबाबाला आणलं. मेलेलीचं मूल तिच्याच कडेवर. ती अडकली असती, तर त्याला कुणी नव्हतं. ठाणं आणि आमचं बिऱ्हाड यांच्यामधे कुडाची भिंत होती. मी कान लावून उभी.

"जागेपायी भांडण होतं?"

"व्हय सायेब. पन शिव्या मी मालकाला घातल्या, तिला न्हाय. पोराला रोज मीच न्हाऊ घालते. आज बी घातलं, पाजायला नेला, तर दाराला कुलूप."

"बाळंतिणीच्या दाराला?"

"म्युन्शिपालटीचा मानूस आला की घालतो मालक. कोठार हाय ना ते! ती आत गप बसते. समद्या चाळीला ठावं हाय."

"हाक मारलीस?"

"हलूच मारली. ओ न्हाय दिली. म्हटलं, बसलीय शानी गप."

भिंतीपलीकडे ह्यांचा टाक कागदावर कुरकुरला. मग तिचाच आवाज आला, चिरकलेला.

"सायेब, आत शेगडी व्हती."

ह्यांनी मालकाला बोलावलं. आवाज चढवला नाही.

"म्युनिसिपालटीचे इन्स्पेक्टर लगेच गेले?"

"निघालेच होते साहेब. मीच चहाला थांबवलं. गप्पा रंगल्या."

"आणि शेगडी?"

"ध्यानातच आली नाही. ती बाई तशी नेहमी गपच असायची."

प्रेत तपासणीत विष निघालं नाही; शेगडीच्या कोंडलेल्या धुरानं ती गुदमरली होती. मालकाला सजा झाली, खोली पाडली. खलाशी आला, मूल कोळणीच्या पदरात ठेवून पुन्हा बोटीवर गेला. त्या मोकळ्या जागेत तिनं मासळी मात्र कधी घातली नाही. बाळंतीण हाक ऐकून गप बसली, की ओ द्यायला उरलीच नव्हती, हे कोळीण मला भेटेल तेव्हा विचारायची.

हे एवढंच म्हणाले, "सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीची वर्दी कुणी देत नाही." पण तेव्हापासून आमच्या सामानाच्या खोलीला कुलूप घालताना ते आधी आत हाक मारायचे.

"आत नारळ आहेत," मी हसायची.

"ओ देतात का बघतो."

आता कुलूप मी घालते. हाक मारते. ओ आली नाही, की दार पुन्हा उघडून बघते.