मुंग्यांचा काठ आणि टोपीवाला साहेब

"माल नाही तर एवढे खण काहून करून ठेवले, जवाईबापू?"

माझे सासरे हे बोलले ते 'शांतता राखा' या पाटीच्या बरोबर खाली उभे राहून. बोलले म्हणजे ओरडले. जन्मभर मागाच्या खडखडाटात बसलेला माणूस, त्याला हळू बोलणं येतच नव्हतं. हॉलमधली सगळी डोकी वर झाली. केबिनच्या काचेतून लायब्ररियन साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. सासऱ्यांकडं नाही, माझ्याकडं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका जुन्या लायब्ररीत मी अटेंडंट होतो. शिक्षण सातवी नापास. वाचकानं चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायचा, मी स्टॅकमध्ये, म्हणजे आतल्या पुस्तकांच्या गोदामात, जाऊन ते पुस्तक काढून आणायचं. सासऱ्यांच्या हिशेबानं हे काम म्हणजे धूळ झटकणं. आपली कुसुम धूळ झटकणाऱ्याला दिली याचं दुःख त्यांनी कधी लपवलं नाही. उमरेडहून आले की सक्करदऱ्याला आमच्या खोलीत जेवायचे, आणि जेवता जेवता तेच सांगायचे.

त्या दिवशी मात्र ते माझ्याकडं काम घेऊन आले होते. मला गंमत वाटत होती, पण तोंड सरळ ठेवलं होतं.

धाकट्या मेव्हण्याचं लग्न ठरलं होतं. येणाऱ्या सुनेचं लुगडं सासरे स्वतः विणणार होते, आणि तेही मुंग्यांच्या काठाचं. हा काठ त्यांच्या बापानं बसवला असं ते गावभर सांगायचे. काठावर बारीक ठिपक्यांची तिरपी रांग, जशा मुंग्या भिंतीवर चढून राहिल्या. पण घरात त्याचा एक तुकडाही उरला नव्हता. सासऱ्यांनी आठवणीनं विणून पाहिला. उसवला. पुन्हा विणला.

"चढतच नाही मुंग्या," ते म्हणाले. "साऱ्या खाली घसरते. कोष्ट्याच्या घरची सून बाजारच्या काठात उभी राहीन तर मी मांडवात कोणत्या तोंडानं बसू?"

"मग लायब्ररीत कसे आले मामाजी?"

"मी लहान होतो तवा एक टोपीवाला साहेब घरी आलता. काठाचा फोटो काढला. पुस्तकात छापतो म्हने. तुमच्याकडं सारे पुस्तकं हाय ना? काढा."

"पुस्तकाचं नाव?"

"मले का मालूम?"

"साहेबाचं नाव?"

"साहेब."

आता हे खण काय होते ते सांगतो. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. लाकडी कपाट, त्याला लहान लहान खण, खणात उभी कार्डं. एका पुस्तकाची निदान तीन कार्डं. एक लिहिणाऱ्याच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं, एक विषयाचं. नाव माहीत असेल तर काम लवकर होतं. नसेल तर विषयाच्या खणात शिरायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. कार्डं कोणी पळवू नयेत म्हणून खालून पितळी सळई ओवलेली असायची.

सासऱ्यांनी खण ओढला, बोटाला थुंकी लावली आणि पोथीसारखी कार्डं उलटू लागले.

साहेब केबिनमधून धावत आले. "अहो आजोबा! थुंकी नका लावू!"

"कागद आहे ना? थुंकीबिना उलटते का?"

"उलटतो. हे पाहा, असा."

"तुमचा उलटते. तुमी शिकेल आहे."

साहेब मूळचे पुण्याकडचे, पण माणूस मजेचा. कोणी काही शोधायला आलं की स्वतःच हरवल्यासारखे मागं लागायचे. त्यांनी सासऱ्यांना खुर्ची दिली आणि आम्ही दोघं कामाला लागलो. विणकाम पाहिलं. हातमाग पाहिलं. कापूस पाहिलं, कापड पाहिलं. इंग्रजांच्या काळातली कार्डं इंग्रजीत, मला अक्षर अक्षर लावून वाचावी लागायची. मी ओझंभर पुस्तकं आणली. त्यांत गिरण्या, सरकीचे भाव, मिशाळ साहेबांचे फोटो. मुंगी एक नाही.

साहेबांनी मग एक युक्ती दाखवली. जवळपासचं एखादं पुस्तक सापडलं की त्याचं मुख्य कार्ड पालथं करून पाहायचं. त्या पुस्तकाची आणखी कोणकोणत्या विषयांखाली कार्डं केली आहेत ते मागं लिहिलेलं असतं. म्हणजे एका दारातून शिरलं की आतली बाकीची दारं दिसतात. आम्ही तीही दारं ठोठावली. एकातून तुरुंगातल्या सतरंज्या निघाल्या.

"कैद्यायचं सापडते," सासरे म्हणाले, "अन् माह्या बापाचं नाही."

लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली. त्यांना घेऊन मी घरी आलो.

कुसुमनं पिठलं-भाकर वाढलं. बापाचा चेहरा पाहून तिनं ओळखलं. ती काय काय बोलली ते मला शब्दाला शब्द आठवतं. हल्ली आठवण्याशिवाय मला दुसरं काम नाही.

"बाबा, तो साहेब कोठी बसला होता?"

"मागापाशी. चुलीच्या खोलीत. मले खडीसाखर देल्ली त्यानं."

"चुलीच्या खोलीत? परका गडी? अन् आज्यानं येऊ देल्लं?"

सासऱ्यांचा घास थांबला. त्यांचा बाप असा होता की वाण्याचा माणूसही ओसरीवरून परत जायचा.

"टोपी होती वं त्याच्या डोक्यावर."

"मिशा होत्या का?"

"...नाही."

"मंग बाई असंन ते."

"बाई टोपी घालते का?"

"गोरी असंन तर घालते. लहान लेकराले टोपी दिसली का झाला साहेब." मग ती माझ्याकडं वळली. "अजी, चुलीपाशी बसलेली बाई कोणाशी बोलंन? बायांशीच ना? तुमी मानसांच्या खणात कायले डोकं घालून राहिले? बायांचा खण नाही का तुमच्याकडं?"

होता ना. इंग्रजी 'डब्ल्यू'चा. पण विणकाम म्हणजे गड्याचं काम, बायांनी कांड्या भरून द्यायच्या, म्हणजे आडव्या सुताच्या नळ्या. हे त्यांच्या घरात इतकं ठरलेलं, की सासरेही तिकडं वळले नव्हते आणि त्यांचा जावई म्हणून मीही नाही.

सकाळी सासऱ्यांना घेऊन लायब्ररीत गेलो आणि साहेबांना सांगितलं. ते 'अरे!' म्हणाले आणि खणाकडं जवळजवळ पळाले. बायका, त्याखाली बायकांचे घरगुती उद्योग, त्याखाली आमचा इलाखा. तिथं एकच कार्ड. लिहिणारीच्या नावाआधी 'मिस'. साहेबांनी कार्ड मला दाखवलं, मी स्टॅकमध्ये शिरलो. पुस्तक अगदी तळच्या फळीवर होतं. झुरळांनी पाठ खाल्लेली, पण आतली पानं शाबूत.

साहेब पानं उलटत गेले. शेणी थापणाऱ्या बाया, विड्या वळणाऱ्या बाया. मग एका पानावर सासऱ्यांनी पंजाच ठेवला.

"माही माय!"

'शांतता राखा'च्या पाटीखाली इतका मोठा आवाज त्याआधी झाला नव्हता, पण साहेबांनी पाटीकडं पाहिलंसुद्धा नाही.

फोटोत माग होता. मागावर बाई बसली होती. शेजारी जमिनीवर पागोटं घातलेला माणूस फिरकी फिरवत कांड्या भरत होता. दाराशी नागडं पोरगं, गालात खडीसाखर.

सासऱ्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाले, "फोटोसाठी बसवली असंन तिले."

साहेबांनी फोटोखालचा मजकूर मराठी करून वाचला. "हा काठ या बाईनं स्वतः बसवला आहे. नवरा तिला कांड्या भरून देतो. ही गोष्ट शेजाऱ्यांना कळू नये, अशी त्याची विनंती आहे."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मला हसू आवरत नव्हतं. साहेबांनी रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. तो पुसून झाला तरी पुसतच होते.

"उलटं छापलं," सासरे म्हणाले.

"मामाजी, छापखान्यात माणसाचा बाईमाणूस नाही होत."

त्यांनी माझ्याकडं दुर्लक्ष करून साहेबांकडं भिंग मागितलं. काठावर धरलं. त्यांचं बोट त्या ठिपक्यांच्या रांगेवरून सरकत गेलं, थांबलं, मागं आलं. मग ते बाईच्या हातावर गेलं. रंगीत सुताची लहान नळी तिच्या डाव्या हातात होती.

"डावखोरी होती माय," ते हळू बोलले. खरंच हळू बोलले. "ठिपका डावीकडून घालून राहिली. म्हणून चढते तिच्या मुंग्या. मी उजवीकडून घालतो."

फोटोवर तंबाखूचा एक कणही पडू देणार नाही अशी शपथ घेऊन त्यांनी पातळ कागदावर काठ उतरवून घेतला. उमरेडला जाऊन डाव्या हातानं विणायला बसले. मुंग्या घसरल्या नाहीत, पण दारू प्यायल्यासारख्या चालल्या. लग्न जवळ आलं. तेव्हा त्यांनी निरोप धाडला, कुसुमला पाठवा.

कुसुम डावखोरी होती. लहानपणी डाव्या हातानं काही केलं की याच बापानं त्या हातावर मागाच्या फणीची काडी मारलेली. लग्नाआधी बापाचा डोळा चुकवून ती मागावर बसायची, हे मला ठाऊक होतं. बापाला ठाऊक नव्हतं, किंवा तसं ते दाखवत होते.

सुटीच्या दिवशी मी उमरेडला गेलो तर खोलीत माग चालू. कुसुम मागावर. सासरे जमिनीवर फिरकी घेऊन.

"कांडी द्या ना बाबा. झोपले का?"

"देऊन राहिलो ना वं. दोन हात हायेत मले."

"बारीक भरा. मघाची फुगली होती."

मला दारात पाहून सासरे गुरगुरले. "दार लोटून घ्या, जवाईबापू. शेजारी पाह्यतीन."

लुगडं वेळेवर झालं. मांडवात बायांनी काठ हातात धरधरून पाहिला. कोणी विचारलं, कोणाचा हो हा काठ? सासऱ्यांनी घसा साफ केला. कुसुम मागंच उभी होती.

"माह्या मायचा," ते म्हणाले. "अन् विणला इनं. मी कांड्या भरल्या."

कुसुमला मी म्हटलं होतं, असं एक स्वतःसाठी विण. "विणीन ना, घाई का हाय," म्हणाली. ते राहिलं. आता ती नाही.

पुढं निवृत्तीपर्यंत कोणी वाचक म्हणाला की सगळे खण पाहिले, पुस्तक नाहीच, तर मी त्याला एवढंच विचारायचो: काम कोणाच्या नावावर आहे ते तुम्ही पाहिलं, केलं कोणी होतं त्याचा खण उघडला का? निम्मे लोक चिडून जायचे. उरलेल्यांना पुस्तक सापडायचं.